सांगायची राहिलेली विहीर

"दादा, तुह्या कम्प्युटरनं हो म्हटलं ना? मंग कायचं भेव!" असं म्हणत दयाराम कमरेला दोर बांधून पडीक विहिरीत उतरला.

शालिग्राम काठावर उभा. भावाला उतरवलं त्यानंच. अठ्ठ्याऐंशीच्या त्या उन्हाळ्यात बुलडाणा जिल्ह्यातल्या जुन्या विहिरींचा गाळ काढायचा होता. कुठलीत विषारी हवा आहे, कोण जाणे! म्हणून या पठ्ठ्यानं कम्प्युटरसाठी नवी भाषाच रचली. तिच्यात विहिरींची घराणी पाडली. घराण्याचे गुण प्रत्येक विहिरीला आपोआप लागायचे. वर नियम होते. मिळालेल्या माहितीला नियम लावून मशीन स्वतः निष्कर्ष काढायचं. विहिरींची नावं तलाठ्यांनी दिली, त्यांचं बरंवाईट गावोगावच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं. एक नियम मात्र शालिग्रामचा फार लाडका होता. जे कुणी सांगितलं नाही, ते घडलंच नाही असं धरायचं. नाहीतर मशीन जन्मभर शंकाच काढत बसलं असतं! या विहिरीत कुणी दगावल्याचं कुणीच बोललं नव्हतं. मशीन म्हणालं, उतरायला हरकत नाही.

दोर एकदम जड झाला. शालिग्रामनं हाका मारल्या. खालून ओ नाही. गड्यांनी मिळून दयारामला वर ओढलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते.

शेजारच्या वावरातून गोजरबाई धावत आली. गावातल्या विहिरींची माहिती तिनंच दिली होती. तिनं दयारामच्या तोंडावर पाणी मारलं, छाती चोळली. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. शालिग्राम लहान पोरासारखा रडला. मग भडकला.

"गोजरमाय, तुले साऱ्या विहिरी पुसल्या होत्या. हिचं काऊन नाही सांगतलं?"

"जिनं माणूस खाल्लं, तिचं नाव घेत नाहीत, बाप्पा. घेतलं त आणखी एक मांगते."

शालिग्रामनं तिचा हात धरला. "ही रीत आपल्याच गावची ना?"

"नाही रे बाप्पा. देऊळघाट, मोताळा, दुसरबीड, कुठंई जाय. कोनीच घेत नाही."

मशीनची उत्तरं कालच जीपनं गावोगाव गेली होती. साऱ्या जिल्ह्यात धोक्याची विहीर त्याला एकही सापडली नव्हती. सकाळपासून माणसं उतरत होती.