खरबरीत

“डॉक्टर, ह्यो माल कच्चा हाय. घासायचाच राहिलाय.”

सहादू गवंड्यानं खुब्यात बसवायच्या सांध्याचा नमुना टेबलावर परत ठेवला. खालचा दांडा आरशासारखा, पण वरचा भाग वाळू चिकटवल्यासारखा. त्याच्या गिलाव्याला उभ्या सोनई गावात कुणी नाव ठेवलं नव्हतं. लेकीच्या हाडात असलं अर्धवट काम तो घालू देणार नव्हता.

डॉ. गिदोन हसले. “मुद्दाम तसा केलाय, बाबा. गुळगुळीत धातूवर हाडाच्या पेशी नीट धरत नाहीत. खरबरीत असला की खाचाखाचांत शिरून वाढतात, धातूला घट्ट धरतात.”

“आन् पोरीला आतून टोचलं मंग?”

दीपा बाकावर एका अंगावर रेलून बसली होती. खुब्याचं हाड खराब झाल्यापासून दोन वर्षांच्या सुजाताला तिनं कडेवर घेतलं नव्हतं. आत्ताही पोरगी तिच्या गुडघ्याला धरून वर चढू बघत होती, आणि ती तिला हळूच खाली सरकवत होती. आबा आज नाही म्हणाले, तर हे असंच चालणार होतं.

“आबा,” ती म्हणाली, “गुळगुळीत भिंतीला गिलावा करायचा असला, की माझ्या हातात छन्नी कोन देतं?”

सहादूची नजर टेबलावरच्या नमुन्याकडं वळली.

“सगळी भिंत टोचून काढ म्हनता. वीतभर जागा राह्यली तरी वरडता, गिलावा धरनार न्हाई म्हनून. टाचे मारून मारून माझे हात भरून यायचे. ते काय भिंतीचं वाटोळं करायला?”

सहादूनं नमुना पुन्हा उचलला. डोळे मिटून त्या खरबरीत भागावर अंगठा फिरवला, सावकाश, चहूबाजूंनी. मग गवंड्यानं गवंड्याकडं पाहावं तसं डॉक्टरांकडं पाहिलं.

“टाचे बारीक हायेत. पन सारके हायेत. पानी किती दिवस मारायचं?”

डॉक्टरांना कळेना.

“भार कधी टाकायचा, इचारत्यात,” दीपा म्हणाली.

“सहा आठवडे. तोवर पोरीला उचलायचं नाही.”

“आमी घाई करनारातले न्हाई,” सहादू म्हणाला. “करा काम.”

गवंडी झाल्यापासून त्यानं स्वतः कधी घमेलं उचललं नव्हतं. आज तो वाकला आणि नातीला कडेवर घेतलं, जरा अवघडूनच. तिनं त्याचं सिमेंटनं भेगाळलेलं बोट मुठीत धरलं. त्यानं ते हलवून पाहिलं.

सुटेना.