गोष्ट फोडली कुणी?

आमचा यशया पारनेरमध्ये बसून सिनेमे लिहितो. एकही विकला गेलेला नाही. "एखादी गोष्ट ऑनलाइन टाक की, चार लोक वाचतील तरी," असं म्हटलं की साहेब नाक मुरडतात. "टाकली की ढापलीच समज! चोर टपलेलेच हायेत सगळे." बायकोला आणि आम्हा दोघा-तिघा मित्रांना तेवढी त्यानं एक गोष्ट अख्खी ऐकवली होती, तीही आधी बायबलवर हात ठेवून 'कुणाला सांगणार नाही' अशी शपथ घ्यायला लावून.

परवा मोबाईलवर कुठल्याशा भिकार सिनेमाची जाहिरात बघून तो पिसाळला. "ही माझीच गोष्ट हाय! तुमच्यातल्याच कुणीतरी फोडली." सगळ्यांना घरी बोलावून त्यानं पुन्हा बायबल पुढं केलं. "ठेवा हात, अन् खरं बोला."

आम्हा मित्रांपैकी जस्टिननं आधी हात ठेवला आणि मान खाली घातली. मीही तेच केलं. यशयाचा चेहरा लालबुंद झाला. शेवटी त्याची बायको एस्तेर पुढं आली आणि तिनं बायबलवर हात ठेवला.



"अहो, फोडायला आधी ती आठवायला तर पायजे!"