चार बाह्यांचा स्वेटर

९ डिसेंबर, पहाटेचे सव्वापाच. स्वेटरला सहा गुंड्या आणि त्यांतली एकही लागेना. गावच्या चतुर्भुज गणपतीसाठी कुमुदताईंनी पंधरा दिवस खपून चार बाह्यांचा, पाठीवर उघडणारा स्वेटर विणला होता. मापे मात्र गेल्या हिवाळ्याची घेतली होती. वर्षभर चढलेल्या शेंदराच्या लेपांनी देव अंगाने भरला होता.

दामूगुरवांना वाईट वाटले. चतुर्थी आठवड्यावर आलेली. ते म्हणाले, "ताई, नाडीने बांधू. पाठ भिंतीकडे आहे, कोण बघतंय?"

"गुरवकाका, थंडी पाठीतच भरते."

"मग मध्ये पट्टी जोडा."

"बाह्या मागे ओढल्या जातील आणि देव अवघडून बसेल. धरा हात पुढे!"

ताईंनी शेवटचा टाका सोडला. गुरवांच्या पसरलेल्या हातांवर उसवलेली लोकर चढू लागली. एवढी मेहनत ओळीओळीने सुटताना गुरवांना पाहवेना. ताईही गाभाऱ्याकडे बघून करवादल्या, "अरे, जरा बेताने मोदक खायचे होतेस!" पण गळ्यापर्यंत उसवून होताच त्यांच्या कपाळावरची आठी विरली. "हा गळा मला तसाही पसंत नव्हता," असे म्हणत त्यांनी तिथेच पायरीवर बसून नवे टाके सुईवर घेतले. गुरव हात तसेच पसरून त्या बोटांकडे पाहत राहिले. काकडा लावायचा राहिला आहे, हेही त्यांना आठवले नाही.

ताईंनी आठवडाभर रात्रीचा दिवस केला. चतुर्थीला गुंड्या गुरवांनी स्वतः लावल्या. सगळ्या लागल्या. मग त्यांनी पाठीमागून हात घालून पाहिले. पुढच्या वर्षीच्या शेंदरासाठी ताईंनी जागा राखली होती: दोन बोटे.