टाकीची सावली

मुक्ताईनगरच्या पुढच्या त्या ढाब्यावर कडुनिंबाची सावली एकच होती आणि ती डिझेलची होती. थंड डिझेल कमी जळतं, हे ठरल्यापासून ट्रकची टाकी सावलीत लावायची आणि केबिन उन्हात, असा नियमच झाला होता. केबिनमधला एसीसुद्धा काढून टाकीला बसवला होता, आणि टाकीचं तापमान ऑफिसात बसून दिसायचं.

विश्राम तायडे गाडीतून उतरला. कालपासून अंग मोडून आलं होतं. पाण्यात रुमाल भिजवून त्यानं कपाळावर घेतला आणि सगळे ड्रायव्हर बसतात तसा गार टाकीला पाठ लावून बसला. डोळा लागतो न लागतो तोच फोन वाजला. ऑफिसातल्या मॅडम होत्या.

"तायडेभाऊ, टाकीला टेकलात का?"

"रोजच टेकतो, मॅडम."

"रोज डिझेल एवढं तापत नाही. तुम्हाला ताप आलाय."

विश्रामला भरून आलं. घर सोडून बारा दिवस झाले होते. तब्येतीचं कुणी विचारलं नव्हतं.

"हो मॅडम. कालपासून आहे."

"मग जरा लांब बसा."

तो उठला. टाकीवर पाठीएवढी जागा कोमट लागत होती. कपाळावरचा ओला रुमाल काढून त्यानं तिथं पसरला आणि उन्हात जाऊन बसला.