जावईबापूंचं मचाण
मचाणासाठी कोल्बीने निवडलेल्या पाइनची साल छातीच्या उंचीपर्यंत ताजी सोललेली होती. "एल्कने शिंगं घासलीत. म्हणजे तो इथे रोज येतो," तो खुशीत म्हणाला. अमेरिकेतल्या मोंटानाच्या या डोंगरात चाळीस वर्षं एल्कसारख्या मोठ्या हरणांची शिकार केलेल्या त्याच्या सासूने, व्हर्नाने, मान हलवली. "म्हणूनच या झाडावर बसायचं नाही, जावईबापू. वीस पावलं लांब बसा आणि वारा तोंडावर घ्या, म्हणजे त्याला आपला वास लागणार नाही." "जवळून नेम चुकत नाही, आई." गेली तीन वर्षं घरातलं हिवाळ्याचं मांस सासूनेच आणलं होतं आणि यंदा त्याला एल्क पाडून दाखवायचाच होता. तो त्याच झाडावर मचाण बांधून चढला; व्हर्ना वीस पावलांवरच्या झुडपात जाऊन बसली. ऊन कलताना घोड्याएवढा एल्क आला तो थेट मचाणाखाली, आणि त्याच खोडावर शिंगं घासू लागला. झाड गदागदा हललं. कोल्बीच्या हातातलं धनुष्य खाली पडलं; कमरेचा पट्टा खोडाला बांधलेला होता म्हणून तो स्वतः वाचला. डोळे मिटून त्याने खोडाला मिठी मारली. व्हर्नाने बाण लावून धनुष्य ताणलं होतं, पण ते दृश्य बघून तिला हसू आवरेना. हसण्याचा आवाज ऐकून एल्क उधळला. कोल्बी खाली उतरला. "आता घरी काय सांगायचं, आई?" व्हर्नाने डोळे पुसले. "सांगू, जावयाने जागा उत्तम निवडली. एल्कलासुद्धा पसंत पडली."