मुलांना चालेल असं

पडद्यावरची दोघं पुलावर एकमेकांच्या अगदी जवळ आली आणि सिनेमा दाखवणाऱ्या श्यामसुंदरकाकांनी प्रोजेक्टरपुढे पुठ्ठा धरला. नारायण पेठेतल्या त्या छोट्या सभागृहात मिट्ट काळोख झाला. सतरंजीवरची मुलं खिदळली.

"आई, बिघडलं का गं?" ओवीने विचारलं.

"नाही, झाकलंय," मुलांमध्येच बसलेली पूर्वा म्हणाली. खेळाआधी काकांनीच तर तोंडभरून कौतुक केलं होतं. युरोपातला शंभर वर्षांपूर्वीचा मूकपट. या एका चुंबनासाठी सगळी मंडळी पहाटे पुलावर धुकं उतरायची वाट बघत बसायची म्हणे. प्रेम पडद्यावर कसं दाखवावं, ते जग इथून शिकलं म्हणे. आणि शिकण्याजोगं तेवढंच नेमकं पुठ्ठ्याआड!

पुठ्ठा बाजूला झाला तेव्हा नायिका घरी पोचली होती. दारात नवरा. त्याने तिचे केस मुठीत धरले आणि मारायला सुरुवात केली. तिचं तोंड उघडं, आवाज नाही.

पूर्वाने मागे वळून पाहिलं. काका त्याच पुठ्ठ्याने वारा घेत होते.

"काका, झाका ना."

"अहो, यात झाकायचं काय? बाईचा अभिनय बघा! डोळे बघा तिचे!"

"समोर मुलं बसलीत."

"म्हणूनच तर मघाशी झाकलं. मुलांना चालेल असंच दाखवतो आपण, ताई."

मागे खुर्च्यांवर बसलेल्या पालकांपैकी एकाने "शूऽऽ" केलं, तेही पूर्वाला.

ओवीने तिची ओढणी ओढली. डोळे पडद्यावरच होते.

"आई, हे चालतं?"

पूर्वा जागच्या जागी उठून उभी राहिली, थेट झोतात, प्रोजेक्टरच्या अगदी पुढ्यात, पडद्याकडे तोंड करून.

"अहो, सावली पडतेय! खाली बसा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"नाही बसत. ओवी, इकडे बघ, माझ्याकडे. नाही चालत. कध्धीच नाही."

काकांनी खेळ थांबवला नाही. पडद्यावर नुसता काळोख उरला. पालकांना मात्र सगळं दिसत होतं, आता पूर्वाच्या पिवळ्या कुर्त्यावर. उगारलेला हात तिच्या पाठीवर पडत होता, वर जात होता, पुन्हा पडत होता.