स्टुडिओचा कोट

मारतहळ्ळीतल्या आपल्या फोटो स्टुडिओतला निळा कोट घेऊन शिवलीला शेजारच्या विठोजीअण्णांच्या शिलाईच्या दुकानात शिरली. स्टुडिओ उघडताना तो अण्णांनीच शिवून दिला होता, कुणालाही व्हावा असा ढगळ. नोकरीसाठी फोटो काढायला आलेली पोरं तोच घालायची. शिवलीला पाठीमागून कपड्यांचे चिमटे लावून तो अंगासरसा करायची आणि म्हणायची, "समोरून कुणाला कळत नाही." आता तसले फोटो मोबाइलच बनवून देतो, कोटासकट. "माझ्या मापाचा करून द्या, अण्णा. उद्या इलेक्ट्रॉनिक सिटीत इंटरव्ह्यू आहे." "कुणाचे फोटो काढायचे तिथं?" "फोटो नाहीत. फोनवर बोलायची नोकरी आहे."  अण्णांनी तिला कोट घालून आरशासमोर उभं केलं आणि पाठीवर खडूची रेघ ओढली. तिचे खांदे हलत होते. रेघ वाकडी गेली. "हलू नका, अक्का. समोर बघा." गिऱ्हाइकांना तीही हेच सांगायची. तिने समोर बघितलं. खिडकीतून डाव्या गालावर पडलेला उजेड, ओले डोळे, मिटलेले ओठ. असे चेहरे टिपायला मिळावेत म्हणूनच तर ती बेळगाव सोडून आली होती. अण्णांनी कात्री उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "कापला तर परत कुणाला होणार नाही हो. स्वल्प दुमडून टाके घालतो. लागलं तर उसवता येतील, सरी? चालेल ना?" "म्हणूनच नको," शिवलीला म्हणाली. "टाके घातले तर मी उसवीन. कापाच तुम्ही."